रविवारचं मैदान

दोह्याच्या विमानतळावर मला पहिल्यांदा लाज वाटली. 2024 च्या मे महिन्याची अखेर होती. नागपुरात नवतपा सुरू होता, आम्ही आठ जण नागपूरहून दोहा आणि तिथून एडिनबरा असे निघालो होतो. समोरून पंधरा-वीस माणसं आली, अंगावर दोन पांढऱ्या चादरी, पायात साध्या चपला. इहराम बांधून जेद्दाहच्या विमानाकडे चालले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाने मला सलाम केला. माझ्या डोक्यावर गोल्फची टोपी होती आणि हातात हातमोज्यांची नवी जोडी. मी सलामाचं उत्तर दिलं आणि टोपी काढून खिशात कोंबली. का काढली, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

हज मी केलेला नव्हता. वय बासष्ट. आधी नोकरी, मग दोन मुलींची लग्नं, मग जाफर नगरचं घर. प्रत्येक वर्षी फॉर्म निघायचे आणि प्रत्येक वर्षी मी म्हणायचो, इन्शाअल्लाह पुढच्या वर्षी. नंतर कारण उरलं नाही, तेव्हा मी गुडघ्यांचं नाव पुढे केलं. गोल्फच्या सहलीचे पैसे भरले त्या रात्री बेगम एवढंच म्हणाली, "चार-चार तास मैदानात चालता, तेव्हा गुडघे बरे असतात." भांडली नाही. बॅग तिनेच भरली, जानमाज सगळ्यात वर ठेवली. मी भरलेल्या रकमेत एका माणसाचा हज झाला असता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

गोल्फ माझ्याकडे कसा आला, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील, साहेब लोकांचे चोचले. आमचं घराणं कामठीच्या मोमीन विणकरांचं. हातमाग बसला तेव्हा अब्बा मरहूम छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून लागले. तिथे हिरवळीचे ग्रीन नव्हते, पाणी कुठून आणणार? 'ब्राऊन' होते. म्हणजे खड्ड्याभोवती वाळूचा गोल, त्यात जळकं ऑइल मिसळून ती घट्ट बसवायची आणि दर खेळानंतर फळी ओढून सारखी करायची. अब्बांच्या नखांतलं ते काळं ऑइल जुम्याच्या गुसलनेही जात नसे. मी सुट्टीत बॅगा उचलायचो, नाल्यात पडलेले चेंडू शोधून विकायचो, आणि पेरूच्या वाकड्या फांदीने अंगणात मारत राहायचो. अब्बा त्या मैदानावर वीस-बावीस वर्षं राबले. त्यांनी एकदाही खेळलेलं मी पाहिलं नाही. तशी सोयच नव्हती. पुढे मी नोकरीत वर चढलो आणि मग कुठे हातात खरी काठी आली.

असे आम्ही एकटेच नाही. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा कॅडीपासून सुरुवात केलेला मुलगा. कोलकात्याचा चौरसिया तर रॉयल कलकत्ता क्लबच्या माळ्याचा मुलगा. हा क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. बॅगा उचलणाऱ्यांना या खेळाची दारं फार उशिरा उघडली, पण उघडली.

आता स्कॉटलंड. सेंट अँड्र्यूज हे समुद्राकाठचं लहानसं गाव, 1413 चं विद्यापीठ आणि त्याहून जुना खेळ. आमच्यातले कर्नलसाहेब विमानातच सांगत होते की 1457 मध्ये तिथल्या राजाने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागे लागले होते. मला ते ऐकून बरं वाटलं, म्हणजे हे व्यसन जुनंच आहे.

तिथल्या 'ओल्ड कोर्स'वर खेळायचं तर पैसे असून भागत नाही. एका फेरीचे तीनशे पौंडांहून जास्त, म्हणजे आपले तीस हजारांच्या वर, ते तर द्यायचेच. पण त्याआधी चिठ्ठीत नाव निघावं लागतं. दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, चौघांचा एक गट, आणि संध्याकाळी यादी लागते. आमचे डॉक्टर म्हणाले, "हा तर तुमचा हजचा कुर्राच झाला!" सगळे हसले, मीही हसलो. मनात म्हटलं, त्या कुर्र्यात मी कधी नाव टाकलंच कुठे.

पहिल्या चौघांचं नाव निघालं. आमच्या चौघांचं तीनही वेळा निघालं नाही. आम्ही शेजारच्या 'न्यू कोर्स'वर खेळलो. नाव न्यू, पण साल 1895. वारा असा की चेंडू डावीकडे मारावा आणि तो उजवीकडे पडावा. झाड एकही नाही. संध्याकाळी मंडळी प्रत्येक खड्ड्यामागे पैसे लावून खेळत, मी त्यात नसे. त्यांनीही कधी आग्रह केला नाही, हे नमूद केलं पाहिजे. रात्री ते बारमध्ये, मी मासे आणि बटाटे खाऊन खोलीवर. मगरिब पावणेदहाला, इशा झोपेशी झगडून. जुम्याला मी बसने डंडीला गेलो, तिथल्या मशिदीत. डंडी म्हणजे आपल्या बंगालच्या तागावर उभं राहिलेलं गिरण्यांचं शहर.

मोकळ्या वेळात मी जुन्या कॅथेड्रलच्या कब्रस्तानात गेलो. टॉम मॉरिस तिथे दफन आहे. चार वेळा ओपन स्पर्धा जिंकलेला, पण मुळात हा मैदानाचा माळी. जन्म 1821, आपली कामठीची छावणी वसली तेच साल. आणि हातमागावरच्या विणकराचा मुलगा! त्याची मोठी करामत कोणती, तर ग्रीनवर वाळू टाकायची, म्हणजे गवत चांगलं येतं. मी तिथे बराच वेळ उभा होतो. अब्बाही आयुष्यभर वाळूच पसरत होते. शेजारी त्याच्या मुलाची कबर आहे. तोही चार वेळा जिंकला, बायको बाळंतपणात गेली आणि चार महिन्यांच्या आत, 1875 च्या नाताळला, चोविसाव्या वर्षी तोही गेला. बाप पुढे 1908 पर्यंत जगला. मी फातिहा पढलो नाही, पण अब्बांसाठी दुआ तिथेच मागितली.

शेवटचा दिवस रविवार. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. मैदानाला विश्रांती म्हणून ही रीत, आणि टॉम मॉरिसनेच ती जपली. त्या दिवशी ते मैदान गावाचं होतं. बायका बाबागाड्या घेऊन, मुलं धावत, कुत्री मोकळी. तिकीट नाही, चिठ्ठी नाही, पहारेकरी नाही. मेंढपाळांसाठी बांधलेला तो छोटा दगडी पूल, ज्यावर जगातले मोठे खेळाडू फोटो काढतात, त्यावरून मी चालत गेलो. ज्या बंकरला ते 'हेल' म्हणतात, त्याच्या काठावरून आत डोकावलो. वाळू मऊ, कोरडी. एक मूठ हातात घेतली आणि परत टाकली.

मैदानाच्या पार टोकाला, खाडीजवळ असरची वेळ झाली. आपण आयुष्यभर मावळतीकडे तोंड करतो, तिथे किब्ला आग्नेयेला. फोनमध्ये पाहिलं तर गावाकडे परतायची वाट जवळजवळ त्याच दिशेने होती. खेळायची जागा सोडून, कडेच्या गवतावर जानमाज टाकली. एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन येत होती. तिने कुत्र्याचा पट्टा धरला आणि माझं होईपर्यंत लांब थांबली.

परतताना बेगमला फोन केला. तिकडे रात्रीचे साडेअकरा. "निघालं का नाव?" तिने विचारलं.

"नाही. नुसताच चालून आलो."

"किती चाललात?"

"सात-आठ किलोमीटर असेल."

ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "माझे गुडघे आता तेवढे राहिले नाहीत हो."

माझ्या गुडघ्यांचं निमित्त मी इतकी वर्षं केलं, आणि दुखत होते तिचे. जिने चढताना ती कठडा धरते हे मी पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये हज कमिटीचे फॉर्म निघाले. आम्ही दोघांचा एकत्र भरला. हाडांच्या डॉक्टरांनी तिला व्यायाम दिले आणि म्हणाले, तवाफला व्हीलचेअर मिळते, काळजी करू नका. तिला व्हीलचेअर नको आहे. ऑक्टोबरात कुर्रा निघाला, आमचा कव्हर नंबर प्रतीक्षा यादीत आहे. मी रोज सकाळी फोनवर ती यादी उघडतो.

संध्याकाळी आम्ही घराजवळच्या बागेत चालतो. सात फेऱ्या घालायच्या असं तिने ठरवलं आहे. चौथ्या फेरीला ती बाकावर बसते आणि म्हणते, "तुम्ही पुऱ्या करा." मी तिच्या शेजारी बसतो.