सहा महिन्यांनी परत या... पण पैशांचं काय?

परवा ओपीडीत एक जुन्या पेशंट आल्या. वय ४६. पाच घरी पोळ्या-भाजीची कामं करतात. आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका हं, उशीर झाला." फाईल उघडली. 'सहा महिन्यांनी परत मॅमोग्राफी' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. त्याला आता १४ महिने झाले होते.

मी रागावणारच होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अडीच हजार साठवत होते. जमत आले की काहीतरी निघायचं. एकदा मुलाची फी, एकदा सासूबाईंचं आजारपण."

मी गप्प झाले. गाठीबद्दल मी त्यांना सगळं समजावलं होतं. पैशांबद्दल मात्र एका शब्दानं विचारलं नव्हतं. म्हणून आज त्याबद्दलच बोलू या.

आधी एक लक्षात घ्या. 'सहा महिन्यांनी परत' म्हणजे कॅन्सर नव्हे. मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स' नावाचा एक आकडा असतो, ० ते ६. त्यातला ३ म्हणजे बहुधा साधीच गाठ. अशा शंभर जणींमध्ये पुढे कॅन्सर निघतो तो दोघींपेक्षाही कमी जणींना. म्हणून लगेच सुई टोचत नाही, साधारण ६, १२ आणि २४ महिन्यांनी पुन्हा बघतो. गाठ तशीच राहिली तर निश्चिंत. बदलली तर वेळेत कळतं. पुढची तपासणी चुकवली, तर पहिल्या तपासणीचा अर्धा उपयोग वाया जातो.

हे सगळं ३ बद्दल. रिपोर्टमध्ये ० असेल तर तपासणी अजून अपुरी आहे. ४ किंवा ५ असेल तर पैसे साठवत थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

आता खर्चाचं. पहिली गोष्ट म्हणजे सांगा. "एवढे जमणार नाहीत" म्हणण्यात लाज कसली? सहा महिन्यांनी बहुतेकदा गाठ असलेल्या बाजूचीच मॅमोग्राफी लागते. गाठ सोनोग्राफीत स्पष्ट दिसत असेल, तर कधी कधी नुसत्या सोनोग्राफीवरही भागतं. हे ठरवायचं डॉक्टरांनी, पण तुम्ही विचारलंत तरच विषय निघेल.

दुसरं, जुन्या फिल्म, सीडी, रिपोर्ट जपून ठेवा आणि दर वेळी सोबत आणा. या तपासणीचा जीव तुलनेत आहे. जुनं काही नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि पुन्हा खर्च.

तिसरं, सरकारी मेडिकल कॉलेज, महापालिकेचं किंवा धर्मादाय रुग्णालय. तिथे समाजसेवा विभाग असेल तर थेट तिथे जा. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या. विमा असेल तर त्याच्या भरवशावर राहण्याआधी विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसी दवाखान्यात भरती न होता केलेल्या तपासण्यांचे पैसे देत नाहीत.

आणि तपासणी पुढे ढकलावीच लागली, तर निदान डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्या. ती मॅमोग्राफीची जागा घेत नाही, पण तिला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या ताईंची त्याच दिवशी सोनोग्राफी केली. गाठ होती तेवढीच होती. ऐकून त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "रोज रात्री हात लावून बघत होते हो." कॅन्सर नव्हता, पण ते १४ महिने त्यांनी एकटीने काढले होते. नीट बोलणं झालं असतं, तर ही धास्ती आठ महिने आधीच गेली असती.

आता मी 'सहा महिन्यांनी' लिहिलं की पेन खाली ठेवून विचारते, "खर्चाचं जमेल ना?" तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा. औषधाची अ‍ॅलर्जी सांगता ना, तितक्याच सहज.