नळीला घर

उमरीचे नाव निघाले की जुन्या पिढीला हैदराबाद मुक्तिसंग्रामातील बँकेची लूट आठवते; नव्या पिढीला कापसाचे आणि सोयाबीनचे भाव. अलीकडे मात्र मोंढ्यातील मंडळी तिसऱ्याच गोष्टीविषयी बोलू लागली आहेत. एका अडत दुकानाच्या मागील अंगणात, रिकाम्या बारदान्याच्या थप्प्यांशेजारी, दोन चाकांवरचे एक पांढरे घर उभे असते.

ते घर अण्णांचे. अण्णा म्हणजे त्या दुकानाचे मालक. वय पासष्टीच्या पुढे, अडत तीन पिढ्यांची, आणि रोजमेळ जुळल्याशिवाय रात्री दिवा न मालवणारा स्वभाव. जीपमागे जोडून नेता येणारी ही कॅराव्हॅन त्यांनी पुण्याहून जुनी विकत आणली, तेव्हा अण्णांना म्हातारपणी सर्कस काढायची आहे, असे मोंढ्यात बोलले गेले. अण्णांनी उत्तर दिले नाही. कारण चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते.

कारण होते त्यांच्या मातोश्री. वय शहाऐंशी, दोन्ही गुडघे निकामी, बुद्धी मात्र तल्लख. कुंथलगिरीची वार्षिक यात्रा त्यांनी कधी चुकवली नव्हती. ज्या स्थळी आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली समाधी घेतली, तेथे वर्षातून एकदा माथा टेकावा एवढीच त्यांची हौस. परंतु उमरीहून नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर करीत कुंथलगिरी गाठायची म्हणजे दिवस रस्त्यातच जातो, आणि वाटेतील शौचालयात वाकलेल्या गुडघ्यांनी बसणे त्यांना शक्य उरले नव्हते. आदल्या सूर्यास्तानंतर पाणी बंद असतेच. पण प्रवासाच्या दिवशी उजाडल्यावरही त्या पाण्याला तोंड लावीत नसत, आणि हे कोणास कळू देत नसत. एके वर्षी अहमदपूरजवळ त्यांना घेरी आली. सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारले, "आजी, शेवटचे पाणी केव्हा प्यालात?" त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी यात्रेचे नावच काढले नाही.

पुरुषमाणूस रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मोकळा होतो. बायकांचा प्रवास तहानेच्या हिशेबाने चालतो, आणि तो हिशेब घरातील कर्त्या पुरुषाला वर्षानुवर्षे दिसत नाही. अण्णांना तो दिसला तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते, ही गोष्ट त्यांना फार लागली.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याची बातमी अण्णांनी वर्तमानपत्रात वाचली होती. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, हे शब्द त्यांच्या ध्यानात राहिले. त्यांतले पहिले दोन त्यांना फारसे नको होते.

गाडी आली. आत खुर्चीसारखे बसता येणारे शौचालय, बाजूला धरायला दांडी. मातोश्रींनी आत जाऊन दार लावून पाहिले आणि बाहेर येऊन एवढेच म्हणाल्या, "बरं आहे." एवढे त्यांच्या तोंडून निघणे म्हणजे पुष्कळ.

अशा गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या असतात. एकीत मैला साठतो, दुसरीत हातधुण्याचे व भांड्यांचे सांडपाणी. दोन्हींना आडवी सरकणारी झडप असते आणि पुढे एकच तोंड. त्या तोंडाला तीन इंची, लवचीक, वळ्यावळ्यांची नळी जोडायची, तिचे दुसरे टोक सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये सोडायचे आणि टाक्या रिकाम्या करायच्या. गाडी विकणाऱ्याने हे सर्व नीट समजावले. नळी एरवी कोठे ठेवायची, हे मात्र त्यानेही सांगितले नाही आणि अण्णांनीही विचारले नाही.

पहिली यात्रा कचनेरची झाली. मुक्कामाच्या ठिकाणी परवानगी घेऊन टाक्या रिकाम्या केल्या. म्हणजे ड्रायव्हरने केल्या. अण्णा लांब उभे होते. नळी पाण्याने विसळली, प्लॅस्टिकच्या पोत्यात गुंडाळली आणि गाडीच्या मागील कपाटात टाकली. त्या कपाटाच्या पलीकडे, मध्ये एक प्लायवूडची फळी सोडून, स्टोव्ह आणि शिदोरीचा डबा होता.

परतीच्या वाटेवर जालन्याजवळ वास सुटला. पोते पाझरले होते. सूनबाईंनी डबा उचलून पुढे जीपमध्ये नेला, कपाट पुसले, सर्व झाकपाक केली. जेवणाची वेळ झाली तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "मला आज उपास आहे." अण्णांनी मनातल्या मनात तिथी मोजली. अष्टमी नव्हती, चतुर्दशीही नव्हती. ते काही बोलले नाहीत. ड्रायव्हरनेही तीनदा साबणाने हात धुतले, तरी तो पंगतीला आला नाही. आपले ताट घेऊन लिंबाखाली वेगळा बसला. एका नळीपायी दोन माणसे पंगतीबाहेर गेली, ही नोंद अण्णांच्या खतावणीत कायमची पडली.

घरी आल्यावर चर्चा झाली. पुतण्याने सुचवले की दर मुक्कामाला गावातील एखादा माणूस पैसे देऊन बोलवावा. नळीही तोच धुईल. सूचना व्यवहारी होती, आणि म्हणूनच अण्णांना ती खटकली. हाताने मैला उचलण्याचे काम कोणाकडूनही करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. नळीचे काम त्या कायद्यात बसते की नाही, हा वकिली मुद्दा झाला. आपला मैला दुसऱ्याने हाताळावा हे गृहीत धरणे हा मूळ मुद्दा. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम स्वतःला मिळावे म्हणून १९३२ साली आग्रह धरला होता. त्या माणसाने जे मागून घेतले, ते आपण पैसे देऊन टाळायचे, हे अण्णांना पटेना. "नळी आपल्या घरची आहे," ते म्हणाले, "तिला जागा आपणच केली पाहिजे."

अमेरिकेत नोकरीस असलेल्या जावईबापूंनी फोनवर सांगितले की तिकडे ट्रेलरचा मागील बंपरच चार इंची चौकोनी पोकळ असतो आणि पुष्कळ लोक त्यातच नळी सरकवतात. अण्णांच्या गाडीचा बंपर तेवढा नव्हता. शिवाय ओली नळी लोखंडात ठेवायची म्हणजे गंजाला आमंत्रण. तेव्हा प्लॅस्टिकच्या पाइपचे घर करायचे ठरले.

पहिली चूक येथे झाली. अण्णांनी ११० मिलिमीटरचा, घरोघरी सांडपाण्याला वापरतात तो पाइप आणला. तीन इंची नळी, सव्वाचार इंची पाइप, हिशेब बरोबर होता. नळी आत गेलीही; पण तिच्या टोकाला जोडणीचे जे कान असतात ते नळीपेक्षा बरेच रुंद, ते तोंडाशी अडले. मोजायचे असते सर्वांत रुंद जागी, हे पोत्यांची छल्ली लावणाऱ्या माणसाला सुचू नये याचे त्यांना हसू आले. मग १६० मिलिमीटरचा दहा फुटी पाइप आणला. पंधरा फुटांची नळी दाबून आकसली की पाच फुटांत मावते, म्हणून सहा फुटांचा तुकडा कापला.

तो बसवायचा कोठे? मागे बसवला तर गतिरोधकावर घासेल. उमरी-नांदेड रस्त्यावर ही भीती काल्पनिक नव्हे. म्हणून चाकांच्या पुढे, डाव्या कडेच्या लोखंडी तुळईला, आतल्या अंगाने तो टांगला, जेणेकरून गाडीच्या रुंदीबाहेर काही येऊ नये. चॅसिसला छिद्र पाडायचे नाही, हे फॅब्रिकेशनवाल्याला बजावले. छिद्रापाशी चीर जाते. लोखंडी पट्टीचे तीन पट्टे, आतून जुन्या ट्यूबचे रबर, आणि यू-बोल्टने आवळणी. रबर नसते तर धक्क्यांनी प्लॅस्टिक तडकले असते. जीपच्या चाकाने उडणारे खडे लागू नयेत म्हणून पुढे एक मडफ्लॅप, आणि उन्हाने पाइप ठिसूळ होऊ नये म्हणून वरून पांढरा रंग.

एका टोकाला कायमचे बूच, दुसऱ्याला आट्यांचे झाकण, ते हरवू नये म्हणून साखळीने बांधलेले. खालच्या बाजूला छिद्रे पाडावीत म्हणजे ओल निथळून जाईल, असे फॅब्रिकेशनवाला म्हणाला. अण्णांनी नकार दिला. ती ओल रस्त्यावर ठिबकणार, कोणाच्या तरी दारात. त्यांनी पाइपला किंचित उतार दिला आणि सखल टोकाला छोटी तोटी बसवली. ती उघडायची फक्त चेंबरवर. हवेसाठी उंच टोकाला वरच्या अंगाने चार छिद्रे, त्यांवर मच्छरदाणीची बारीक जाळी. ओलसर अंधारात जीवोत्पत्ती होते आणि वाट मिळाली की बाहेरचे जीवही आत शिरतात; जैन घरात हे वेगळे सांगावे लागत नाही. हातमोजे आणि विसळण्याची बादली यांची पेटी त्याच बाजूला बाहेरून. पिण्याच्या पाण्याची नळी मात्र गाडीच्या उजव्या अंगाला, जेणेकरून चुकूनही दोन्ही एका हाती येऊ नयेत. सगळा खर्च क्विंटलभर हरभऱ्याच्या पट्टीपेक्षा कमी आला.

काम पाहायला मातोश्री खुर्ची टाकून अंगणात बसल्या होत्या. वस्तू जपून उचलावी व जपून ठेवावी ही आदान-निक्षेपण समिती, आणि मलमूत्र निर्जंतुक जागा पाहून विसर्जित करावे ही उत्सर्ग समिती. या मुनींसाठी सांगितलेल्या, पण प्रवचनात त्यांनी शंभरदा ऐकलेल्या. त्या म्हणाल्या, "महाराजांना पिंछीनं जागा झाडून घ्यावी लागते. तुला तोटी बसवावी लागली. चालायचंच."

कुंथलगिरीस निघण्यापूर्वी अण्णांनी अंगणातच दोनदा सराव केला. मैल्याची टाकी आधी सोडायची, सांडपाण्याची नंतर, म्हणजे त्याच पाण्याने नळी आतून धुतली जाते. मैल्याची झडप मुक्कामात उघडी ठेवायची नाही. पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी बसतो. शेवटी बादलीभर स्वच्छ पाणी, नळी गाडीकडून उचलत उचलत चेंबरकडे चालत जायचे, झटकायची नाही, आणि दोन्ही टोकांना टोपणे. फिनेल ओतायचे नाही. ज्यांच्या सेप्टिक टँकमध्ये आपण सोडतो, त्यांतील मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

पहिल्या मुक्कामी लातूरला, एका नातलगांच्या वाड्यात, अण्णांनी हातमोजे चढवले. ड्रायव्हर धावत आला. "राहू द्या मालक, मी करतो की."

"तू झाकण धर," अण्णा म्हणाले, "आणि घड्याळ बघ."

बारा मिनिटे लागली. नळी आपल्या घरात गेली, झाकण बसले, हात धुतले गेले. सूर्यास्ताला अजून वेळ होता. सूनबाईंनी पाने मांडली. ड्रायव्हर पंगतीच्या टोकाला बसला, प्रथम जरा अवघडून, मग दुसऱ्यांदा भाजी मागून घेण्याइतका सैलावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूड मागे पडले. येडशीचा घाट यायचा होता. मातोश्री खिडकीशी बसून तुरीची शेते पाहत होत्या. त्यांनी सूनबाईंकडे वळून हात पुढे केला.

"पाणी दे गं. गाळलेलं आहे ना?"

पेला रिकामा झाला. त्यांनी तो परत पुढे केला.