गोदा

गोदा, आमची पाळीव टॅरंटुला, नर की मादी, हे तिनं टाकलेल्या कातेवरून कळलं. ओली कात उलगडून आतून पाहिली की मादीत शुक्राणू साठवायची इवलीशी पिशवी दिसते. ती दिसली आणि लेक ओरडली, "बाबा, मुलगी आहे!" आनंदाला कारण होतं. या जातीचे नर वयात आले की फार जगत नाहीत. मादी पंधरा वर्षं सहज काढते.

लेस्टरच्या आमच्या घरी ती नखाएवढी आली होती. लासिओडोरा पाराहिबाना ही ईशान्य ब्राझीलमधली टॅरंटुलाची जात, शास्त्रीय नोंद १९१७ सालची. जगातल्या सर्वांत मोठ्या कोळ्यांत तिची गणना होते. काही वर्षांत गोदाचे पाय वीतभर पसरले. जमिनीवर राहणारा असा जड कोळी थोड्या उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो. म्हणून काचपेटी बुटकी, तळाशी नारळाच्या भुशाचा जाड थर, आणि तिला हातावर घ्यायचं नाही हा नियम. तिला कुरवाळून घ्यायचं नव्हतंच. तिच्या वाटेला न जाणं हीच तिच्यावरची खरी माया, असं मला आजही वाटतं.

डिवचली तर मागच्या पायांनी पोटावरचे केस खरडून उडवायची. ते खाजकुइलीसारखे झोंबतात, डोळ्यांना तर फारच वाईट. पेटी साफ करताना मी चष्मा आणि हातमोजे घालत असे.

कात टाकण्याआधी ती आठवडेच्या आठवडे खात नसे. सांगलीहून आलेली आई हळहळली. मी समजावलं, तर म्हणाली, "मग उपास आहे म्हण की तिचा. पाणी तेवढं ताजं ठेवत जा." दुसऱ्या दिवसापासून ते पाणी आईच बदलू लागली.

कात टाकताना गोदा उताणी पडायची. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आवळलेले असतात, कारण ते सरळ राहतात शरीरातल्या द्रवाच्या दाबानं, आणि मेल्यावर तो दाब उरत नाही. हे माहीत असूनही दर वेळी छातीत धडधडायचं. तासन्‌तास ती जुन्या पायांतून नवे पाय ओढून काढी. विषदंतही नवे, पांढरे, मऊ. ते काळे, टणक होईपर्यंत पेटीत रातकिडा सोडायचा नाही, नाहीतर तोच तिला कुरतडेल.

शेवटच्या कातेत तिचे पाय अडकले. आम्ही ओल वाढवली, जागलो. सकाळी ती गेली होती.

आईला फोन केला. "केरात टाकलं नाहीस ना रे?" तिनं पहिलं हेच विचारलं.

नव्हतंच टाकलं. मागच्या अंगणात पुरलं. इकडे कोल्हे रात्री येऊन उकरतात, म्हणून लेकीनं खड्डा चांगला खोल खणला होता.