जाळे आणि उंदीर

बालपणी मनात रुतलेली चित्रे प्रौढपणी पुन्हा पाहिली, की तेव्हा काय पाहायचे राहून गेले होते ते कळते. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ सालचा हिंदी अ‍ॅनिमेशनपट याचे उत्तम उदाहरण ठरावा. भीमसैन यांच्या रेखाटनांनी सजलेला हा काही मिनिटांचा पट दूरदर्शनने इतक्या वेळा दाखविला, की एका पिढीला तो पाठ झाला. मुलांनी थोरल्या ताईला ‘अनेक’ म्हणजे काय ते विचारावे आणि तिने समजावून सांगावे, एवढेच त्याचे कथानक.

दूरदर्शनवर १९८२ साली रंग आले, तरी पुढे बराच काळ कितीतरी घरांत कृष्णधवल संचच होते. रंगरूपांच्या विविधतेचा हा पाठ तेथील मुलांनी करड्या छटांतच गिरविला. पन्नाशीच्या प्रेक्षकाला त्यातील फुले आता प्रथमच रंगीत दिसतात.

परंतु खरे नवल त्याहून वेगळे आहे. स्मरणात उरलेले असते ते पक्ष्यांचे उड्डाण. पारध्याचे जाळे घेऊन सारा थवा एकदम उडतो आणि तेथेच गोष्ट संपली, असे मन धरून बसते. पट पुन्हा पाहताना ध्यानात येते, की उडाल्यानंतरही जाळे अंगावरच आहे. ते कुरतडतात उंदीर. पंचतंत्रातही असेच घडते. कपोतराज चित्रग्रीव आपला थवा हिरण्यक नावाच्या उंदराकडे नेतो आणि आधी अनुयायांचे पाश तोडावेत, मग आपले, असा आग्रह धरतो.

म्हणजे सजातीयांची एकी जाळे उचलू शकते, तोडू शकत नाही. त्यासाठी ज्याला पंख नाहीत पण दात आहेत, असा कोणी भिन्न जातीचा मित्र लागतो. एकतेच्या घोषणांत पंखांचे कौतुक पुष्कळ होते; बिळात राहणाऱ्या त्या मित्राची आठवण क्वचितच निघते.

मुंबईत जन्मलेल्या आणि पाटणा, दिल्ली येथे आयुष्य वेचलेल्या मुळे यांचे २०१९ साली निधन झाले. त्यांच्या या छोट्या पटात उंदीर संकटानंतर शोधून काढलेले नाहीत. ते पक्ष्यांचे आधीपासूनचेच मित्र आहेत. मैत्री जाळे पडण्यापूर्वी जोडलेली असावी लागते, हे सांगण्यासाठी पटात वेगळे वाक्य नाही. थवा कोठे उतरतो, एवढेच पाहायचे असते.