अंगठ्याची भरपाई आणि वकिलाची फी

कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई घासाघीस करून ठरत नाही, ती कायद्याच्या कोष्टकातून निघते, आणि वकिलाच्या फीचा विचार करताना हेच आधी लक्षात घ्यावे लागते. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ या कायद्याने कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक असे सूत्र घातले आहे, आणि हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये आहे. पॉवर प्रेसवर ३० वर्षांच्या कामगाराचा अंगठा तुटला, तर १५,००० रुपयांचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपयांना २०७.९८ या गुणकाने गुणून १८,७१,८२० रुपये येतात, आणि अंगठा गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट असे परिशिष्टात नोंदलेले असल्यामुळे त्याची भरपाई ५,६१,५४६ रुपये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असला, तरी त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालतात, आणि येथील विवेचन त्यांनाच धरून आहे.

या रकमेतून वकिलाने टक्केवारी घ्यावी काय, या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर निःसंदिग्ध आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांनी मनाई केली आहे, आणि बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या २०१७ च्या निकालात, मोटार अपघाताच्या भरपाईवर टक्केवारीने मागितलेली फी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवली. १९२३ च्या कायद्याचे कलम ९ याहून एक पाऊल पुढे जाते, कारण त्यानुसार भरपाईची रक्कम कोणाच्या नावे करून देता येत नाही, तारण ठेवता येत नाही आणि तिच्यावर जप्तीही आणता येत नाही. त्यामुळे भरपाईचा चौथा हिस्सा वकिलाचा, असे आधीच लिहून घेतलेल्या कागदाला काहीही किंमत उरत नाही. इंग्लंडमध्ये यशावर आधारलेली फी ठरावीक मर्यादेत चालते, पण तेथील रीत येथे लागू पडत नाही.

तरीही टक्केवारीची चाल टिकून आहे, आणि तिचे कारण कामगाराच्या हलाखीत आहे, कारण हात जायबंदी होऊन पगार बंद पडलेल्या माणसाकडे आगाऊ फी द्यायला पैसे नसतात. परंतु वरील उदाहरणात चौथा हिस्सा म्हणजे सुमारे १,४०,००० रुपये होतात, आणि ही रक्कम ज्या कोष्टकातून आली ते वकिलाने तयार केलेले नसते. वकिलाचे खरे श्रम वेगळ्या ठिकाणी लागतात: कंत्राटदाराच्या हजेरीपटात नावच नसलेला माणूस त्या कारखान्यात कामाला होता हे सिद्ध करणे, मुकादमाने रोख दिलेल्या पगाराचा पुरावा उभा करणे, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांची साक्ष नोंदवणे. या श्रमांचे मोल झालेच पाहिजे, फक्त ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे आणि लेखी ठरलेले असावे, आणि वकिलाच्या फीपासून दाखले, साक्षीदारांचा भत्ता, प्रवास असे खर्च वेगळे दाखवून त्यांच्या पावत्या मिळाव्यात. वकील बदलायचा झाल्यास थकलेल्या फीपोटी कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

फी मुळीच न देण्याचे मार्गही कायद्यात आहेत, आणि त्यांची माहिती कामगारवस्त्यांपर्यंत पोहोचत नाही ही मोठी खंत आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्री, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे अंगठा गमावलेला कामगार असो की मृत कामगाराची विधवा, तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात तिने अथवा त्याने अर्ज करावयाचा असतो. नोंदणीकृत कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही लेखी अधिकारपत्रावर आयुक्तांपुढे, म्हणजे या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे (महाराष्ट्रात मुख्यतः कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहतात), कामगाराची बाजू मांडता येते. कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदलेला असेल, तर १९२३ च्या कायद्याखाली दावाच करता येत नाही आणि लाभ त्या योजनेच्या महामंडळाकडून घ्यावा लागतो, म्हणून वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ती नोंद तपासणे आवश्यक ठरते.

दाव्याचा खर्च कोणी सोसावा हे ठरवण्याचा अधिकार १९२३ च्या कायद्याच्या कलम २६ ने आयुक्तांना दिलेला असल्यामुळे तो मालकाकडून मागणे अर्जातच नमूद करावे, आणि भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्यास द.सा.द.शे. १२ व्याज व सबळ कारण नसलेल्या विलंबाबद्दल रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही मागावा. निकालाविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयात जायचे झाल्यास भरपाईची रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते. तेव्हा ती काढून घेण्याचा अर्ज आणि अपिलातील बचाव ही कामे पहिल्या फीत धरली आहेत की नाहीत, हेही आरंभीच लिहून घ्यावे.