कानात बोळे घालून ब्लू रिज

आपल्याकडे 'कानात बोळे घालून बसणं' हे काही चांगलं लक्षण समजलं जात नाही. आईच्या तीन हाकांना ओ न देणाऱ्या मुलासाठी नाहीतर ढिम्म बसलेल्या नगरपालिकेसाठी राखून ठेवलेला हा वाक्प्रचार. पण गेली काही वर्षं दर ऑक्टोबरात आम्ही पाच मराठी माणसं अक्षरशः कानात बोळे घालतो आणि व्हर्जिनियातल्या ब्लू रिजच्या डोंगरात शिरतो. त्या डोंगरांविषयी आणि त्याहून जास्त त्या बोळ्यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही म्हणजे दोन जोडपी, एक काका आणि तीन मोटरसायकली. पुण्यात राजदूत नि येझदीवर उंडारलेली ही मंडळी. तिथं ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे वेगाची कमाल, आणि कानांना त्रास व्हायचाच तर तो हॉर्नचा. इथं मुलं कॉलेजात गेली, गराज रिकामं झालं आणि जुनी हौस पुन्हा जागी झाली. फरक इतकाच, की इथल्या रस्त्यांवर कानांचा शत्रू वेगळा आहे.

वॉशिंग्टनच्या बाजूनं निघालं की आधी आय-66, मग दक्षिणेकडे आय-81 आणि स्टाँटनपाशी वळून रॉकफिश गॅप, असा दोन-अडीच तासांचा रस्ता. यातला आय-81 म्हणजे ट्रकांचं राज्य. वेगमर्यादा बऱ्याच ठिकाणी ताशी 70 मैल. आपल्याला वाटतं, मोटरसायकलवर कान बसतात ते इंजिनाच्या धडधडीनं. तसं नाही. या वेगाला हेल्मेटभोवती, विशेषतः हनुवटीखाली, जो वारा भोवरे करत फिरतो, त्याचा आवाज इंजिनाला गिळून टाकतो. हेल्मेट डोकं वाचवतं; हा घोंगावणारा आवाज थांबवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. उलट ट्रकमागून जाताना वारा हेल्मेटवर असा आपटतो, की पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखं वाटावं.

आता थोडा हिशोब. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी इथली सरकारी संस्था 'नायॉश' सांगते, की 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालेल. पुढं दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आतला आवाज या शंभराच्या आसपास जातो. म्हणजे आमचा कोटा पहिली कॉफी घ्यायला थांबण्याआधीच संपलेला असतो.

हे आकडे आम्हाला खरे करून दाखवले ते काकांनी. त्यांनी इथं तीस वर्षं उघड्या कानांनी मोटरसायकल चालवली. आता रात्री घर शांत झालं, की त्यांच्या कानात रातकिडे सुरू होतात आणि ते थांबत नाहीत. त्याहून त्यांना लागतं ते दुसरंच. रविवारी सांगलीला बहिणीशी फोनवर बोलताना आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. मोठ्या आवाजानं कान बिघडतो तो आधी उंच पट्टीला. स, श, फ, थ ही अक्षरं तिथंच राहतात. ताई 'सार' म्हणाली की 'फार', हे काकांना अंदाजानं ठरवावं लागतं. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आपण देशापासून इतक्या लांब राहणारी माणसं. आपली निम्मी नाती कानांवर चालतात! म्हणून निघण्यापूर्वी काका सगळ्यांचे कान तपासतात, पेट्रोल मागाहून.

बोळे कसले घ्यावेत? कापसाचे नकोत. कापूस म्हणजे मनाचं समाधान. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारे मऊ फोमचे इअरप्लग. जोडीला काही सेंट पडतात. पाकिटावर 'एनआरआर' असा आकडा छापलेला असतो, पण तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षातला अंदाज घ्यायला त्यातून 7 वजा करावेत आणि उरलेल्याचे निम्मे. 32 आकड्याचे घेतले, तर पदरात साडेबारा डेसिबल पडतात. आमचे शंभर त्यानं साडेसत्त्याऐंशीवर येतात, म्हणजे पंधरा मिनिटांऐवजी चार तास. रॉकफिश गॅप आरामात गाठता येतं.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे आराम. जो बोळा टोचतो, तो तासाभरात खिशात जातो, आणि खिशातला बोळा कुणाचं भलं करत नाही. आमच्यातल्या एका वहिनींना सगळेच फोम मोठे व्हायचे. त्यांनी लहान मापाचे, टोकाला निमुळते असलेले आणले आणि तक्रार संपली. दुसरी अडचण लांबीची. बोळ्याचं बूड बाहेर राहिलं, की हेल्मेटचं अस्तर त्याला दाबतं आणि दुपारपर्यंत कान ठणकतो. बूड कानाच्या भोकाशी समपातळीत हवं. धुऊन पुन्हा वापरता येणारे सिलिकॉनचे, छत्र्या-छत्र्यांचे प्लग टिकाऊ, पण त्यांचा दांडा आखूड आहे ना ते पाहावं. रोजच चालवणाऱ्यानं ऑडिऑलॉजिस्टकडून कानाचा साचा देऊन बनवून घ्यावेत. त्याला शंभर डॉलर किंवा जास्तही पडतात, पण बसतात अगदी हातमोज्यासारखे.

आणि घालायची रीत! फोम स्वच्छ हातांनी वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत, म्हणजे तीसेक सेकंद, बोटानं धरून ठेवायचा. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून पाहायचं. आवाजात फारसा फरक पडला नाही, तर बोळा नीट बसला. हेल्मेट त्यानंतर. काढताना फिरवत हळूहळू. झटका दिला तर पडदा दुखतो.

तुम्ही म्हणाल, मागून येणारी अॅम्ब्युलन्स कशी ऐकू येणार? आम्हालाही ही शंका होती. पण बोळा हॉर्नइतकाच वाराही कमी करतो, आणि वाऱ्याच्या कल्लोळात दिपलेला कान मोकळा झाला, की सायरन उलट लवकर उमगतो. उन्हाला काळा चष्मा, तसा वाऱ्याला बोळा. मात्र कायदा राज्यागणिक बदलतो, तो पाहून घ्यावा. कॅलिफोर्नियात कान वाचवण्यासाठीचे प्लग चालतात, पण त्यातून सायरन आणि हॉर्न ऐकू यायला हवेत अशी अट आहे. हेल्मेटमधल्या स्पीकरवर गाणी मोठ्यानं लावणं हा मात्र उपाय नव्हे. ती आगीत तेलाची धार.

रॉकफिश गॅपला ब्लू रिज पार्कवेचा शून्य मैलाचा दगड लागतो आणि जग बदलतं. 1935 साली काम सुरू झालेला हा रस्ता 1987 साली पुरा झाला. लांबी 469 मैल, वेग 45, ट्रकांना बंदी, जाहिरातीची एक पाटी नाही. दोन्हीकडे लाल-पिवळी झाडं. वारा इथंही असतोच, म्हणून चालत्या गाडीवर बोळे कानातच. 64 व्या मैलापाशी रस्ता जेम्स नदीवर उतरतो, साडेसहाशे फुटांवर. हे पार्कवेवरचं सर्वांत सखल ठिकाण. तिथून तेराच मैलांत अॅपल ऑर्चर्ड माउंटनच्या 3,950 फुटांवर चढायचं. बोळ्यांनी बंद केलेल्या कानांना हा चढ जाणवतो. आवंढा गिळावा, जांभई द्यावी, नाहीतर थांबून बोळे सैल करावेत. थांबायची जागा मात्र नदीकाठ. खालच्या पादचारी पुलावर आम्ही बोळे काढतो तेव्हा दोन-अडीच तासांची धार लागलेल्या कानांतसुद्धा घूं घूं नसते. पाणी ऐकू येतं, पान पडल्याचं ऐकू येतं. पुढं 176 व्या मैलाला मेब्री मिल ही जुनी पाणचक्की आहे. तिचं चाक फिरत असेल, तर मराठवाड्यातल्या माणसाला आपली पाणचक्की आठवतेच. मागच्या खेपेला काका तिथल्या बाकावर डोळे मिटून बराच वेळ बसले होते. "अहो, लाकडाची कुरकुर येत नाही मला," ते म्हणाले, "पण पाणी येतंय. तेवढं पुरे."

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. पार्कवेवर पेट्रोल मिळत नाही, आधीच भरावं. आणि 2024 च्या सप्टेंबरात हेलीन वादळानं नॉर्थ कॅरोलायनातल्या भागाची मोठी हानी केली, तेव्हा कुठला तुकडा खुला आहे याची नॅशनल पार्क सर्व्हिसकडे चौकशी करून निघावं. संध्याकाळी हरणं आडवी येतात, सांभाळून. आणि हो, खिशात बोळ्यांची एक जोडी जादा ठेवा. वाटेत कुणी ना कुणी उघड्या कानांचा भेटतोच.