रोल धरला का?

पेंटॅक्स के-१००० मध्ये रोल टाकताना माझं बोट आजही आपोआप डाव्या हाताच्या बटनावर जातं. ते वर ओढलं की मागचं झाकण उघडतं. रोल खोबणीत बसवायचा, बटन खाली दाबायचं, पट्टी ओढून उजवीकडच्या रिळाच्या खाचेत सरकवायची. पट्टीच्या भोकांत चक्राचे दात नीट बसलेत हे डोळ्यांनी पाहायचं, मगच झाकण लावायचं. बटन हलकेच उलटं फिरवून आतली ढील काढायची आणि दांडी ओढायची. दांडी ओढताना डावीकडचं बटन आपसूक फिरलं, तर रोल धरला. नाही फिरलं, तर वरचा आकडा एक, दोन, तीन करत छत्तीसपर्यंत जाईल, खटके वाजत राहतील आणि आत फिल्म जागची हलणार नाही.

“आकड्यावर भरोसा ठेवू नको, बटन बघ,” तात्या सांगायचे.

तात्यांचा स्टुडिओ म्हणजे युसूफ वडगावातली पत्र्याची एक खोली. मागच्या अर्ध्या भागाला काळा पडदा लावलेला, ती डार्करूम. दहावीचे फॉर्म, बँकेची खाती, लग्न, मयत, सगळ्यांचे फोटो तिथेच व्हायचे. कागद ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, इंदू. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास लागतो आणि आमच्या केज तालुक्यात एप्रिलमध्ये मध्यरात्रीही पत्र्याला हात लावून पाहावा. म्हणून तात्या रोल धुवायला पहाटे उठायचे आणि डेव्हलपरचं भांडं माठातल्या पाण्यात ठेवायचे. प्रिंट खळबळून काढलेलं शेवटचं पाणी ते सांडू देत नसत. दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला तेच वापरायचं. हापशावरून पाणी आणायचं काम माझं. त्या घागरींच्या बदल्यात मला ही विद्या मिळाली.

१९९० ची दिवाळी झाली आणि गावातले कोयते कारखान्यांकडे निघाले. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली की थांबता येत नाही. अशाच एका जोडीतला माणूस संध्याकाळी दुकानात आला. म्हातारी आई घरी राहणार होती, तिला बरं नव्हतं. पहाटे ट्रक निघायच्या आत तिच्यासोबत एक फोटो पाहिजे होता. तात्या परगावी लग्नाला गेले होते. मी दहावीत होतो. मी म्हणालो, मी काढतो.

घाईने रोल टाकला आणि त्यांच्या घरी गेलो. म्हातारी बाजेवर बसली होती. लेक दोन हात लांब उभा, आखडलेला. मी मोठ्या माणसासारखा म्हणालो, “जवळ बसा. हात घ्या त्यांचा हातात.” तो बसला, हात घेतला. मी सहा फोटो काढले.

ट्रक निघून गेल्यावर तात्या आले. रोल काढण्यासाठी त्यांनी बटन उलटं फिरवलं आणि ते तसंच थांबले. बटनाला ओढच नव्हती. त्यांनी झाकण उघडलं. पट्टीचं टोक खाचेतून निसटून बाहेर पडलं होतं. मला वाटलं, आता मार बसणार.

“रोल कोरा आहे,” ते म्हणाले. “लेक गेला तरी म्हातारी हितंच आहे. उद्या जाऊन तिचा काढून ये.”

दुसऱ्या दिवशी शाळा होती. मग शिकवणी, मग सराव परीक्षा. तात्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा ‘जातो’ म्हणालो. पट्टी निसटणं ही चूक होती, कुणाच्याही हातून होईल. त्या घरापर्यंत पाच मिनिटांची वाट महिना-दोन महिने न चालणं, त्याला मी आजवर दुसरं नाव शोधलेलं नाही. संक्रांतीच्या आधी म्हातारी गेली. लेकाला निरोप उशिरा पोचला. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्याला फोटो पाहिजे, असं त्याने सांगून पाठवलं.

तात्यांनी त्या रात्री माळ्यावरचे बिस्किटांचे डबे खाली काढले. आयुष्यभराच्या निगेटिव्ह बटरपेपरात गुंडाळून त्यांनी जपल्या होत्या. दिव्यासमोर एकेक पट्टी धरत आम्ही बसलो. पहाटेच्या सुमाराला दोन वर्षांपूर्वीच्या एका लग्नातली पट्टी हाती लागली. मांडवात अक्षता टाकणाऱ्या बायकांच्या घोळक्यात ती उभी होती. छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरच्या चौकटीत तिचा चेहरा मसुराच्या दाण्याएवढा. एनलार्जरचं डोकं टेबलाबाहेर वळवून तात्यांनी उजेड थेट जमिनीवर पाडला, म्हणजे चेहरा मोठा होईल. कागद जमिनीवर अंथरला. पहिली प्रिंट काळवंडली, दुसरी फिकट, चौथीत डोळे दिसले. मग बारीक ब्रशने दुपारपर्यंत टचिंग. सगळा फोटो रवाळ होता, पण ती तीच होती.

लेक दुकानात आला तेव्हा फोटो तात्यांच्या हातात होता. त्यांनी तो दिला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, “आधी सांग त्याला.”

मी सांगितलं. रोल धरला नव्हता, आणि नंतर मी गेलो नाही, हेही. त्याने मान खाली घातली. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हात घ्या म्हणला व्हतास तू. मोठा झाल्यावर मायचा हात कवा धरला नव्हता मी. त्या दिशी धरला.”

मग त्याने फोटो घेतला. “पदर आसाच घ्यायची,” एवढं बोलला आणि टॉवेलात गुंडाळून निघाला. तात्यांनी पैसे घेतले नाहीत.

मला पुढे फोटोंनीच पोसलं. तात्या त्या दिवशी माझ्या बाजूने एक शब्द खोटा बोलले असते, तर मी सुटलो असतो आणि तिथेच राहिलो असतो. आणि त्या माणसाने मला जे दिलं, ते द्यायला तो बांधील नव्हता. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तोडीवर गेला. त्याचं देणं मी कुठे फेडणार?

त्या दिवशी तो फोटो घेऊन गेल्यावर तात्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. कॅमेरा आणि एक जुना, वाया गेलेला रोल माझ्यापुढे ठेवला. “टाक,” म्हणाले. माझे हात थरथरत होते. पट्टी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा खाचेत बसवली, झाकण लावलं, दांडी ओढली. आम्ही दोघंही वाकून बटनाकडे पाहत होतो. ते फिरलं.